चौथ्या क्वार्टरची भूक

भोपाळजवळच्या मिसरोदमधल्या एका घरात रात्रीचं जेवण कसं व्हायचं, ते आधी सांगते. पानावर पहिले बसायचे पूजाचे सासरे बाळकृष्णराव आणि मंडीदीपच्या कारखान्यातून दमून आलेला तिचा नवरा मिलिंद. सासूबाई, म्हणजे सरोजताई, तव्यापाशी. पूजा वाढायला. पोळी टम्म फुगली रे फुगली, की पूजा ती उचलून धावत ताटापर्यंत न्यायची. दोघांचं आटोपलं की मग सासू-सून ओट्याशीच टेकून उरलंसुरलं खायच्या. डब्याच्या तळाच्या गार पोळ्या, भाजीचं खरवडलेलं पातेलं, वरण असलं तर असलं.

बरं, कुणी कुणावर जबरदस्ती केली नव्हती हं! त्या घरात दुष्ट कुणीच नव्हतं. सगळ्यांचं झालं की मग बायकांचं, ही रीत घराच्या भिंतीसारखी होती. भिंतीला कोण विचारतं, बाई गं, तू इथे मध्येच का उभी? खरं सांगा वाचकहो, तुमच्या घरातही अशी एखादी भिंत आहे की नाही?

पण पूजा साधीसुधी सून नव्हती! भोपाळच्या व्यावसायिक महिला हॉकी संघात, 'भोपाळ लहर'मध्ये, ती मधल्या फळीत खेळायची. मधली फळी म्हणजे आपल्या गोलपासून समोरच्या गोलपर्यंत आणि तिथून परत, सगळ्यात जास्त धाव हिचीच. उज्जैनहून लग्न होऊन आली तेव्हा रुखवतात शेवयांच्या पाटाशेजारी तिची स्टिकही मांडली होती, आणि सरोजताईंनी मोठ्या कौतुकाने ती शेजारणींना दाखवली होती.

दुःख एवढंच, की लहर काही जिंकत नव्हती. हॉकीचा सामना चार क्वार्टरचा. पहिली तीन क्वार्टर या मुली वाघिणीसारख्या लढायच्या. चौथं सुरू झालं की पायांत जणू कुणी शिसं ओतायचं. चेंडू समोरून जायचा आणि यांना दिसत असूनही गाठता यायचा नाही. धडाधड गोल! जवाहर चौकातल्या चहावाल्याकडे तर लोकांनी ठरवूनच टाकलं होतं, "इनका मैच पौना ही होता है, भैया. बाकी का पाव सामनेवालों का."

मग एक दिवस संघाच्या मालकांनी निरोप धाडला. या मोसमातही तळाला राहिलात तर संघ बंद. त्या दिवशी पूजा स्कूटीवर बसून राहिली, चावीच फिरवेना. दुसऱ्या शहरातल्या संघात जायचं म्हणजे घर सोडायचं, आणि ते व्हायचं नव्हतं. लहर बुडाली की तिची हॉकी बुडाली. मग स्टिक माळ्यावर, कायमची.

प्रशिक्षक अलका मॅडम मूळच्या ग्वाल्हेरच्या. बारीक कापलेले पांढरे केस, गळ्यात शिट्टी आणि हट्ट असा की डोंगराने बाजूला व्हावं. त्यांना वाटलं, मुलींचा दम कमी पडतोय. त्यांनी धावणं दुप्पट केलं. मुली कुरकुर न करता धावल्या, आणि पुढचा सामना आणखी वाईट हरल्या! एक बचावपटू तर मैदानातच घेरी येऊन बसली.

मॅडमच्या डोक्यात प्रकाश पडला तो इंदूरच्या वाटेवर, एका ढाब्यावर. गरम डाळ-रोटी आली. नगमा, म्हणजे संघाची गोलरक्षक, भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीतली, तिने रोटी उचलली आणि पूजाच्या ताटात ठेवली. पूजाने ती आघाडीला खेळणाऱ्या तन्वीला दिली. तन्वीने पुढे सरकवली. "पहले तू ले।" "तू घे गं, मी घेते नंतर." सगळ्या वाढतायत, जेवत कुणीच नाही! तेवढ्यात बसवाल्याने हॉर्न मारला आणि पोरी अर्ध्या पोटी उठल्या.

बसमध्ये मॅडमनी एकेकीला शेजारी बसवून विचारलं, काल रात्री काय जेवलीस आणि कुणाच्या नंतर? एक भावांच्या नंतर, एक मुलांच्या नंतर, एक सासऱ्यांच्या नंतर. काय जेवलीस याचं उत्तर मात्र सगळ्यांचं एकच: जे होतं ते.

पूजाने तर मान ताठ करून सांगितलं, "आम्हाला सवय आहे, मॅडम."

"सवय तुला असेल," मॅडम म्हणाल्या, "पायांना नाही."

घरी बोल, असं मॅडमनी तिला बजावलं. पूजा हो म्हणाली आणि बोलली नाही. आधी मला वाढा असं सुनेने म्हणायचं? तिला नुसत्या कल्पनेनेच घाम फुटायचा. चार गोल खाल्ले तरी फुटला नसेल एवढा! आठवडा तसाच गेला. शेवटी अलका मॅडमनीच फोन करून सरोजताईंना सांगितलं, की रविवारी मी तुमच्याकडे जेवायला येतेय.

रविवारी सरोजताईंनी जीव ओतून स्वयंपाक केला. भरली वांगी, मसालेभात, आमटी, श्रीखंड. पाहुण्यांना, बाळकृष्णरावांना आणि मिलिंदला पानं मांडली. पूजा पोळीच्या डब्यापाशी उभी. मॅडम हात धुऊन बसल्या, आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ राहिल्या.

"घ्या ना मॅडम, सुरुवात करा," सरोजताई म्हणाल्या.

"करते. पूजाचं आणि तुमचं झालं की."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. आता मोठीच पंचाईत! पाहुण्याने घास घेतल्याशिवाय बाळकृष्णरावांना घेता येईना. मसालेभाताची वाफ विरली, आमटी निवली. बाळकृष्णराव एकदा भरल्या वांग्याकडे बघत, एकदा छताकडे.

सरोजताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे आम्ही काय हिला उपाशी ठेवतो, असं म्हणायचंय का तुम्हाला? लेकीसारखी वागवते मी तिला."

"तेच तर, सरोजताई," मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. "जे तुमच्या वाट्याला आलं, तेच तुम्ही तिला दिलंत. तुम्हीच शेवटी जेवता, मग तिच्या ताटात काय कमी आहे ते तुम्हाला दिसणार कुठून? मी मुलींना दुप्पट पळवलं, तेव्हा मलाही दिसलं नव्हतं. ही दिवसभर मैदानात धावते आणि घरी आल्यावर उरलेल्यावर भागवते. चौथ्या क्वार्टरमध्ये हिचे पाय थांबतात ते आळसाने नाही हो. भुकेने थांबतात. मला तुमच्याकडून दुसरं काही नको. ताटं एका वेळी मांडा, एवढंच."

सगळे पूजाकडे बघत होते. आणि पूजाचे पाय, जे चौथ्या क्वार्टरमध्ये हलायचे नाहीत, ते आता घरातही हलेनात! खाली मान घालून "नको, मी नंतर" म्हणणं किती सोपं होतं. पण तिला माळा दिसला. माळ्यावरची स्टिक दिसली.

तिने मांडणीवरून ताट काढलं. मग दुसरं काढलं. दोन्ही टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली.

"आई, मला भूक लागलीय. तुम्हीपण बसा. तुम्ही नाही बसलात तर माझ्याही घशाखाली उतरायचं नाही."

"अगं, मग वाढणार कोण?"

"मी वाढतो," मिलिंद उठला. बाळकृष्णरावही उठले, आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरले आणि आतूनच विचारू लागले, "सरोज, आमटीचा डाव कुठे असतो?" तेव्हा मात्र मॅडमसुद्धा हसल्या आणि त्यांनी पहिला घास घेतला.

त्या रविवारनंतर अलका मॅडमनी सपाटाच लावला! एकेका खेळाडूच्या घरी जेवायला. नगमाच्या घरी तिचा भाऊ म्हणाला, "मैडम, आप कोच हैं या दावत पे निकली हैं?" मॅडम म्हणाल्या, दोन्ही, आणि बहिणीला बसव, मग मलाही वाढ. काही घरं लगेच ऐकायची, काही तोंड वाकडं करायची. एका घरी मॅडम खरोखरच न जेवता परत आल्या, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन बसल्या. हट्ट म्हणजे हट्ट!

काही जादू झाली नाही. पुढचा सामनाही लहर हरलीच. पण चौथ्या क्वार्टरमध्ये गोल एकच खाल्ला. मग एक बरोबरी. मग एक विजय, मोसमातला पहिला! चहावाल्याने त्या दिवशी "पौना" हा शब्द गिळला म्हणतात. हळूहळू तळातून एकेक पायरी वर. शेवटचा सामना उरला तेव्हा हिशोब सरळ होता: जिंकलं तर संघ वाचला, नाहीतर बंद. आणि समोर पहिल्या नंबरचा संघ.

तीन क्वार्टर बरोबरी. चौथं सुरू झालं. सरोजताई प्रेक्षकांत पदर मुठीत धरून बसल्या होत्या. नगमाने एक जबरदस्त फटका पायाने अडवला आणि चेंडू पूजाकडे ढकलला. पूजा निघाली. समोरच्या मुली दमल्या होत्या, आणि ती नव्हती! सामन्याआधी भिजवलेल्या निळ्या टर्फवर पाणी उडत होतं, पाय आपोआप पडत होते. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं, गोलपुढच्या अर्धवर्तुळात शिरली आणि तन्वीला पास दिला. खाडकन आवाज झाला, गोलच्या आतल्या लाकडी फळीवर चेंडू आदळल्याचा. गोल!

लहर जिंकली. मालकांनी संघ ठेवला. आणि पुढच्या वर्षी याच मुलींनी अख्ख्या लीगचा करंडक उचलला.

तो करंडक एकेक दिवस प्रत्येकीच्या घरी मुक्कामाला होता. मिसरोदला आला, तेव्हा त्याला टेबलाच्या मध्यावर, लोणच्याच्या बरणीशेजारी बसवलं. तव्यापाशी मिलिंद होता. त्याच्या पोळ्या कडेने जाड, मध्ये पातळ, पण एक कशी कोण जाणे, टम्म फुगली. त्याने ती धावत आणून आईच्या ताटात टाकली. सरोजताईंनी पोळी मोडली. आतली वाफ बाहेर आली. त्यांनी एक घास खाल्ला, मग लगेच दुसरा.

"गरम पोळी अशी लागते होय," त्या म्हणाल्या.

सगळा जन्म ज्यांनी घराला गरम पोळ्या वाढल्या, त्यांना हे तेव्हा कळलं!

तर मंडळी, करंडक प्रत्येक घरात येईलच असं नाही. पण ताट तर प्रत्येक घरात आहे ना? आज रात्री जेवायला बसाल तेव्हा पहिला घास घेण्याआधी एकदा मागे वळून बघा, ओट्यापाशी कोण उभं आहे. तिला हाक मारा, खुर्ची ओढून द्या. जी सगळ्यांसाठी धावते तिला उरलेलं नाही, बरोबरीचं मिळायला हवं. घर काय किंवा संघ काय, सगळ्यांनी एकत्र बसून पोटभर खाल्लं, तरच शेवटच्या क्वार्टरपर्यंत पळतं.