दाब मोजायचा दिवस

पेणकरपाड्याच्या आपल्या गल्लीत नवी जलवाहिनी यावी म्हणून उर्मिला सावेंनी महापालिकेत इतक्या खेपा घातल्या होत्या, की तिथला शिपाई त्यांना आडनावानं ओळखतच नसे. "आल्या नव्या लाइनवाल्या बाई," एवढंच म्हणे. दादर सोडून इथं आल्यावर सोसायटीचं सेक्रेटरीपद त्यांनी घेतलं ते याच एका कामासाठी.

अखेर शहराच्या पाणीपुरवठ्याचा नवा आराखडा निघाला. पाण्याचा दाब जिथं कमी, तिथं नवी वाहिनी. दाब मोजायला प्रणय पाटील नावाचा अभियंता उद्या सकाळी येणार, असा निरोप आला, आणि उर्मिलाताईंना मोटर आठवली.

गल्लीत इमारती तीन. तिघांनीही थेट पालिकेच्या लाइनला मोटर जोडून पाणी ओढायचं, हा तिथला शिरस्ता. काम बेकायदा. पण शेजाऱ्यानं ओढलं की आपल्या टाकीत नुसती हवा फुसफुसायची, मग आपण त्याच्याहून दांडगी मोटर आणायची.

ताईंनी दोन्ही शेजाऱ्यांना फोन लावले.

"उद्या मोटर बंद ठेवा. साहेबांनी बघितली तर लाइन राहील बाजूला, दंड भरत बसू."

"बेन, बंद शुं, मी तर ताळा मारतो," जितेंद्रभाई म्हणाले.

काळूराम इथला मूळचा. बापजाद्यांच्या भातशेतीवर त्याची इमारत उभी. "मोटर? कंची मोटर? आमच्याकडं मोटर न्हाय हाय."

"तीच बंद ठेवा."

सकाळी दोन्ही शेजारीही बघायला जमले. प्रणयनं ताईंच्या सोसायटीच्या नळाला गेज लावला आणि चावी उघडली. काटा टुणकन उडून पार पलीकडे गेला. नळाखालची बादली उलथली, साहेबांचे बूट भिजले.

"वा! शहरात इतका दाब फार थोड्या ठिकाणी असेल," प्रणय म्हणाला. "ही गल्ली आराखड्यातून कमी करू. दुसरीकडे लोक तहानलेत."

उर्मिलाताई पुढं सरसावल्या. "साहेब, हे आमचं रोजचं पाणी नाही हो!"

"मग कुणाचं आहे?"

काळूराम ताईंकडे डोळे वटारून बघत होता. जितेंद्रभाईंनी खिशातली किल्ली मुठीत दाबली. बोलावं तर तिघांच्या मोटरी जप्त, न बोलावं तर लाइन गेली. ताईंनी सांगून टाकलं.

"आज आम्ही मोटरी बंद केल्यात. तिन्ही. रोज चालू असतात, तेव्हा कुणालाच नीट पाणी येत नाही. ते मोजा ना!"

"ताई, दातखीळ बसली असती तर बरं झालं असतं," काळूराम पुटपुटला.

प्रणयनं वाहत्या नळाकडे बघितलं, मग तिघांकडे. "म्हणजे मोटरी नसल्या की पाणी पुरतं?"

तेवढ्यात शेजारच्या इमारतीतून जितेंद्रभाईंची बायको ओरडली, "अहो, टाकी भरली! गच्चीवरून वाहतेय!"

"बाई, मी लोकांसाठी पाइप टाकतो, मोटरींसाठी नाही," प्रणय म्हणाला. नवी लाइन त्यानं तिथंच रद्द केली. दंड माफ, पण मोटरी काढायची लेखी हमी तिघांकडून घेतली.

हमी दिली, पण आधी कुणी काढायची? काळूराम म्हणे ताईंनी, ताई म्हणत जितेंद्रभाईंनी, जितेंद्रभाई म्हणत, "मी लास्ट. धंद्यातला माणूस आहे, सगळ्यांना ओळखतो."

मोटरी जागच्या हलल्या नाहीत. शेवटी ताईंनीच तोड काढली. हल्ली रोज सकाळी पाण्याच्या वेळी त्या खुर्ची टाकून काळूरामच्या मोटरीसमोर बसतात, काळूराम जितेंद्रभाईंच्या आणि जितेंद्रभाई ताईंच्या. पाणी तिघांनाही भरपूर येतं. पालिकेच्या खेपा थांबल्या, पण सकाळचा चहा घरी घेणं ताईंना आजवर जमलेलं नाही.