अठरा होल आणि एक अंगठा

रामकिसननं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. इकडं सोयगाव आणि तिकडं पैठण, एवढ्या मापात त्याची चौसष्ट वर्षं निघून गेली होती. पण सोळा सालच्या उन्हाळ्यात, हर्सूलच्या तलावाच्या तळाला भेगा पडल्या आणि त्याच्या गल्लीत टँकर आठव्या दिवशी यायला लागला, नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या डोक्यात रोज भरती यायची. हंड्यांच्या रांगेत उभा असला तरी कानात लाटा. त्याची बायको साळूबाई शेजारणीला सांगायची, "ह्यांचं काय बाई, ह्यांना रिकाम्या रांजणात बी जहाज दिसतंय."

हे खूळ त्याला लावलं मधुसूदन साहेबांनी. साहेब पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. धरणांतलं पाणी मोजण्यात नोकरी गेली, आणि आता मोजायला पाणीच उरलं नाही म्हणून की काय, त्यांनी समुद्र हाती घेतला होता. सप्टेंबरात स्कॉटलंडला जायचं, तीन आठवडे राहायचं आणि तिथल्या समुद्राकाठच्या सहा जुन्या गोल्फ मैदानांवर खेळायचं, असा बेत. जेवणाच्या टेबलावर नकाशे, भिंग आणि एक जाड वही. भानुमतीवहिनी ताटं मांडायला आल्या की स्कॉटलंड गुंडाळून सोफ्यावर जायचं आणि जेवणं उरकली की परत टेबलावर यायचं. वहीत प्रत्येक मैदानाला आठ पानं: वारा कुठून येतो, भरती कधी, कोणत्या होलला कोणती काठी. ही काठीची माहिती साहेब रामकिसनला विचारून लिहीत. ज्यानं समुद्र पाहिला नाही त्याला विचारून समुद्राचा वारा लिहायचा, याला काय म्हणावं! पण वारा तो वाराच, आणि तीस वर्षं साहेबांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीला वाऱ्याचं जितकं कळतं तितकं पुस्तकाला कळत नाही.

त्यांचं स्वतःचं मैदान हर्सूलच्या अंगाला, शहराच्या कडेवर. कडेवर म्हणजे पूर्वी. आता शहर तिन्ही बाजूंनी येऊन त्याला भिडलं होतं. गवताचं पाणी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. होलभोवतीची गोल जागा तर पहिल्यापासूनच गवताची नव्हती. बारीक वाळूत इंजिनचं जळकं तेल कालवून ती बसवलेली, काळपट. तिला म्हणायचं मात्र 'ग्रीन'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

एके सकाळी साहेब काहीतरी वाचून आले होते. "रामकिसन, ऐक. तिथली जमीन वाळूची. समुद्र आणि शेतं यांच्या मधली, पिकायला नालायक, म्हणून खेळाला सोडलेली. टणक इतकी की बॉल आभाळातून मारायचा नाही, जमिनीवरून पळवायचा."

"मंग ती आपलीच जमीन झाली की, साहेब."

साहेब थबकले आणि मग लहान पोरासारखे हसले. त्या दिवसापासून ते रोज सकाळी सहातलं एक मैदान इथं मांडायला लागले. "आज चौथं. समुद्र डावीकडं." डावीकडं बारा मजली इमारतींचं काम चाललं होतं. पण सकाळच्या धुळीत त्या अर्धवट इमारती हळूहळू विरायच्या, क्रेनचा दांडा डोलकाठी व्हायचा, काँक्रीट कालवणाऱ्या यंत्राची घरघर लाटांत मिसळून जायची, आणि दोघं म्हातारे वाळलेल्या कुसळांतून खाऱ्या वाऱ्यात चालत राहायचे. रामकिसनच्या ओठांना कधी कधी मीठ लागायचं. ते घामाचं होतं हे त्यालाही कळत होतं, पण कळलं म्हणून काय झालं? त्याला वाटायचं, हे असंच चालू राहावं, बेत कधी पुरा होऊच नये.

कारण बेत पुरा झाला तर काय होणार, हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

तो साहेबांचा आगवाला. काठी हातात द्यायची, पिशवी खांद्याला मारून दोनशे पावलं पुढं जाऊन उभं राहायचं आणि बॉल कुठं पडतो ते बघायचं. साहेबांचे डोळे साखरेनं धरले होते. भिंगाखालचा नकाशा दिसायचा, पण उडालेला बॉल दिसायचा नाही. चौदा साली एका सकाळी बॉल भेगेत जाऊन बसला. साहेबांनी चार वेळा काठी मारली, बॉल हलेना. मग ते तिथंच भेगेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "बास झालं, रामकिसन. डोळा फुटला, जमीन फुटली. उद्यापासून मी येत नाही."

दुसऱ्या दिवशी आले, पण वहिनींनी घराबाहेर काढलं म्हणून. पहिलाच बॉल पुन्हा भेगेत. साहेब दोनशे पावलं मागं. रामकिसननं चप्पल काढली, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत बॉल धरला आणि सपाटीवर ठेवला. वाकला नाही, खाली बघितलं नाही. ही कला प्रत्येक जुन्या कॅडीच्या पायात असते. कुणी ती वापरतो, कुणी नाही. ज्याचं त्याचं इमान.

एकदाच, असं तो मनाशी म्हणाला होता. त्या एकदाला दोन वर्षं झाली. बॉल बाभळीतून बाहेर आले, भेगांतून आले, एक तर बांधकामाच्या खडीच्या ढिगातून आला. गोल्फात फटके जितके कमी तितका खेळाडू मोठा. साहेबांचे एकशे पंधराचे शंभर झाले, शंभराचे अठ्ठ्याऐंशी. अडुसष्टाव्या वर्षी आपला खेळ फुलला म्हणून साहेब हरखून गेले, आणि त्या हरखण्यातूनच हा बेत निघाला. विष्णूच्या अंगठ्यातून गंगा निघाली म्हणतात. रामकिसनच्या अंगठ्यातून अख्खा समुद्र निघाला होता.

मेच्या शेवटी साहेबांनी त्याला घरी बोलावलं. वहिनींनी विचारलं, "रामकिसनभाऊ, पाणी अर्धा पेला देऊ की पूर्ण?" त्या उन्हाळ्यात चांगल्या चांगल्या घरांतून असं विचारत, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. तो अर्धा म्हणाला. साहेबांनी एक छापील कागद पुढं सरकवला. सहांतलं जे सगळ्यांत जुनं आणि नावाजलेलं मैदान, तिथं ठरावीक आकड्याच्या आतल्या खेळाडूलाच खेळू देत. साहेबांचा अठ्ठ्याऐंशी त्यात बसत होता. खाली साक्षीदाराची सही हवी होती.

"आपल्या क्लबचा सेक्रेटरी म्हणतो, एखाद्या मेंबरची घ्या. मेंबरांनी काय पाहिलंय? माझा प्रत्येक फटका पाहिलाय तो तू. तूच कर सही."

रामकिसननं पेन हातात घेतलं. चौथी शिकलेला माणूस, पण सही झोकात करायचा. पेन कागदाला टेकलं आणि तिथंच थांबलं. "चष्मा इसरलो, साहेब," तो म्हणाला. चष्मा त्याच्या खिशातून डोकावत होता. वहिनींनी पाहिला, साहेबांना दिसला नाही. ते न दिसणंच त्याच्या जिव्हारी लागलं.

घरी साळूबाई ज्वारी निवडत होती. सगळं ऐकून तिनं मान वर केली नाही.

"हितं झाकली मूठ सव्वा लाखाची. तिथं कोण झाकणार? तुमचा अंगठा जाणार हाय का इमानात बसून?"

"सांगितलं तर खेळणं सोडत्याल. मोडून जात्याल ते."

"आन् नाय सांगितलं तर परक्या लोकांपुढं मोडत्याल. त्यापरीस हितं मोडलेलं बरं. हितं आपण असतोय."

त्या संध्याकाळी समुद्र आला तो वेगळाच आला. वारा तोच, लाटा त्याच, पण गुडघाभर गवतात साहेब एकटे उभे होते आणि हाक मारत होते, "रामकिसन, कुठं पडला रे?" आणि पुढं कुणीच नव्हतं. रामकिसनला ते सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सातव्या होलला साहेबांनी काठी मागितली, तेव्हा त्यानं पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आणि उजवा पाय पुढं केला.

"साहेब, त्या कागदावर सही ह्या अंगठ्याची लागंल. माझी नाय."

"म्हणजे?"

त्यानं जमिनीवरचा बॉल पायाच्या चिमटीत उचलला आणि हातभर लांब ठेवला. एवढ्या जवळून साहेबांना दिसलं.

"कधीपासून?"

"चौदा सालापासनं."

"किती वेळा?"

"मोजलं नाय, साहेब. रोजच."

साहेबांनी बुटानं तो बॉल परत जागेवर सारला. मग म्हणाले, "तुला माझी कीव आली?"

"नाय, साहेब. तुमी आला नसता तर माझी सकाळ गेली असती. तुमच्यासाठी नाय, मी माझ्यासाठी केलं."

साहेबांनी वाकून स्वतःची पिशवी उचलली. तीस वर्षांत पहिल्यांदा. ती खांद्यावर कशी बसवायची हेही त्यांना ठाऊक नव्हतं. फाटकाकडं जाताना एका भेगेशी ते अडखळले. रामकिसन धावला नाही, धावायचा हक्क राहिला नव्हता.

चार दिवस साहेब आले नाहीत. वहिनींचा फोन आला. "काय झालं ते तुम्ही दोघंही सांगत नाही. वही कपाटात गेलीय. टेबल आता एवढं मोकळं दिसतं की जेवायला बसवत नाही." रामकिसन हूं हूं करत राहिला. पोराचे, गोकुळचे जुने बूट पायात घालून तो रोज पहाटे मैदानावर जायचा आणि फळीनं होलभोवतीची वाळू ओढून सपाट करायचा. खेळायला कुत्रं येत नव्हतं, तरी करायचा.

पाचव्या दिवशी साहेब आले. खाली वाकून, डोळे बारीक करून त्यांनी त्याच्या पायांकडं बघितलं. बुटांच्या लेस दोन-दोन गाठींनी आवळलेल्या होत्या.

"आज मी मोठ्यानं मोजणार," साहेब म्हणाले. "बॉल असेल तिथं असेल."

त्या सकाळी समुद्र आला नाही. धूळ ती धूळच राहिली आणि क्रेन ती क्रेन. बॉल भेगांत गेले, बाभळीत गेले, तीन हरवले. रामकिसननं हरवला म्हटलं की साहेब दुसरा काढायचे आणि दंडाचा फटका मोजायचे. नऊ होलांत एकसष्ट. बुटांनी रामकिसनच्या टाचा सोलून काढल्या, आणि तो मनात म्हणत होता, सोलू दे.

सतराव्याला साहेबांनी जमिनीलगत फटका मारला. टणक मातीवर बॉल दोन टप्पे घेऊन पळत सुटला, एका भेगेच्या काठावरून वळला, वाळूत शिरला आणि होलच्या अगदी जवळ थांबला. तीस वर्षांत साहेबांचा असा फटका त्यानं पाहिला नव्हता.

"साहेब!" तो ओरडला. "वीतभर! होलापासनं वीतभर!"

"पुरे रे," साहेब लांबूनच म्हणाले. "आज तरी नको."

दोन वर्षं खोटं सांगितलं ते साहेबांनी डोळे झाकून मानलं, आणि आज खरं सांगतोय तर ही गत. पण दोष कुणाला देणार? तो वाळूच्या बाहेर होता तिथंच उभा राहिला. एक पाऊलही पुढं टाकलं नाही.

साहेब आले. "कुठाय?"

"तुमीच बघा, साहेब. मी आत गेलो नाय."

साहेब गुडघ्यांवर बसले आणि सपाट वाळू हातानं चाचपू लागले. बोटांना चाकोरी लागली. कडेपासून निघालेली बारीक, सलग रेघ, बॉल घरंगळत गेल्याची. तिच्यावरून बोट फिरवत ते गुडघ्यांवरच पुढं सरकले. मध्ये थांबून डावीकडं हात फिरवला, उजवीकडं फिरवला. पावलाचा ठसा कुठंच नव्हता. रेघ संपली तिथं बॉल होता. त्यांनी अंगठा बॉलला टेकवून पंजा उघडला, तर करंगळी होलच्या काठाला लागली.

ते तसेच बसून राहिले. हात तेलानं काळे झाले होते.

"माझा आहे," ते म्हणाले. "रामकिसन, हा माझा आहे रे!" आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या डोळ्यांना निदान एवढं अजून जमत होतं.

एकूण एकशे सतरा झाले. साहेबांनी कागदावरचा जुना आकडा खोडून तो लिहिला आणि रामकिसननं त्याखाली झोकात सही केली. मग साहेबांनी यादीतल्या सगळ्यांत नावाजलेल्या मैदानावर रेघ मारली.

"हे गेलं. पाच राहिली. तिथं कुणी आकडा विचारत नाही."

"आन् बॉल हरवला तर, साहेब? पुढं कोण नसंल."

"हरवेल की. हरवला तर हरवला म्हणेन. आल्यावर तुला एकेक फटका सांगेन, आणि तू तो मानायचास. खात्री करायला अशी वाळू नसेल तुझ्यापुढं."

"नसू द्या," रामकिसन म्हणाला. "मी मानीन."