आपलाच आवाज कानात

"हं... बरं... ठेवते," आई म्हणाली आणि तिने फोन खरंच ठेवला.

हॅलोबाई हातातल्या रिसीव्हरकडे बघत राहिल्या. टेलिफोनच्या कारखान्यात त्या तपासणीच्या टेबलावर बसत. दिवसभर एकेका फोनमध्ये "हॅलो" म्हणून आवाज पारखायचा, म्हणून हे नाव. जगाचे फोन बोलके करणाऱ्या बाईशी सख्खी आईच बोलेना, म्हणजे दिव्याखाली अंधारच की!

कारण त्यांना ठाऊक होतं. मागच्या भेटीत त्यांनी आईला चांगलंच सुनावलं होतं, "या वयात एकटी राहतेस, काही झालं तर? हट्ट सोड आणि माझ्याकडे ये." आई गप्प बसली होती. तेव्हापासून फोनवर नुसतं हं, बरं, ठेवते. एरवी शेजारणीच्या मांजराच्या उचापती सांगितल्याशिवाय ही बाई मुद्द्यावर यायची नाही. आईने आपल्याला मनातूनच काढून टाकलं, या विचाराने हॅलोबाईंना घास गोड लागत नव्हता.

"अजून राग गेला नाही तिचा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा पलीकडच्या खोलीत इस्त्री करत होता. "तू बोललीस कधी? मला वाटलं, फोन लागलाच नाही."

"इतका वेळ बोलतच होते की!"

"पूर्वी तू आईशी बोललीस की खालच्या मजल्याला सगळ्या बातम्या कळायच्या. हल्ली कुजबुजतेस."

हॅलोबाई ताडकन उठल्या. फोनमधली चिप आपलं बोलणं मोठं करून पलीकडे पाठवते आणि त्यातलं थोडं आपल्याच कानात परत सोडते. ते कमी पडलं की माणूस ओरडतो, जास्त झालं की नकळत आवाज उतरवतो. नवीन येणाऱ्यांना हे त्याच शिकवायच्या. आणि त्या भेटीहून परतल्यावर, कारखान्याच्या गोंगाटाला सरावलेल्या कानांना बरं वाटावं म्हणून, घरच्या फोनमधला हे प्रमाण ठरवणारा एक रेझिस्टर बदलून आपलाच आवाज कानात छान घुमता करून घेतला होता तोही त्यांनीच!

"अक्कल गहाण टाकली होती मी," म्हणत त्यांनी फोन उघडला, जुना रेझिस्टर परत जोडला आणि नंबर फिरवला.

"आई!"

"अगं, केवढ्यांदा ओरडतेस!" मग पलीकडून हुंदकाच आला. "ऐकू येतंय गं. लख्ख ऐकू येतंय. मला वाटलं, कान गेले माझे. समोर बसून बोलणाऱ्यांचं कळायचं, पण म्हटलं सुरुवात अशीच होते."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर उचलून नेलं असतंस मला. माझं घर सुटलं असतं."

"म्हणजे रागावली नव्हतीस?"

"रागावले होते की, दोन दिवस. मग कानांच्या धास्तीत राग कुठल्या कुठे गेला."

हॅलोबाई रडत रडत हसल्या. छातीवरचा धोंडा उतरला होता. 'तरीपण माझ्याकडे ये' हे शब्द ओठांवर आले होते, ते त्यांनी गिळले.

"मांजर काय म्हणतंय शेजारणीचं?" त्यांनी विचारलं.

आई सांगू लागली. कपड्यांच्या घड्या झाल्या, इस्त्री गार झाली, तरी दोघींपैकी कोणी 'ठेवते' म्हणालं नाही.