कागदाच्या कडेचा अर्धचंद्र

गाळणकागदाच्या कडेला एक पुसट ठसा होता. चार मिलिमीटर रुंद, अर्धचंद्रासारखा, ओला होऊन वाळलेला. मी तो भिंगाखाली धरला. मग कालचा कागद काढला, परवाचा काढला. ठसा तिन्हींवर होता.

छपरावरचा पंप हवा ओढतो, धूळ कागदावर बसते आणि तिच्यातून किती किरण निघतात ते आमचं यंत्र मोजतं. एरवी या कामाकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पण शेजारी देशाच्या अणुभट्टीवर आपल्या विमानांनी महिन्यापूर्वी बाँब टाकले होते. भट्टी मेली की गुपचूप चालू आहे, हे राजधानीला हवं होतं. आमच्या कागदांत तीन दिवस किरणोत्सारी आयोडीन सापडत होतं. चार वाजता मी अहवालावर सही केली, की विमानं पुन्हा निघणार होती.

"यंत्र खोटं बोलत नाही, मॅडम," साहेब म्हणाले.

"नाही बोलत. पण आयोडीन एकटंच आलंय. भट्टीतून निघालं तर सीझियम, टेल्युरियम, सगळी भावंडं बरोबर येतात."

"भावंडं मागे राहिली असतील."

"तिन्ही दिवस?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "चार म्हणजे चार हं."

मी कागद कापला. मधला भाग यंत्रात ठेवला; काही नाही. कडेची पट्टी ठेवली आणि आकडे धावू लागले. हवेतलं आयोडीन असतं तर कागदभर पसरलं असतं.

पंपाचे कागद बदलायचं काम मावशींचं. त्या बाजूच्या खोलीत नव्या कागदांचा गठ्ठा सोडवत होत्या. अंगठा जिभेला, मग कागदाला.

"चिकटून बसतात मेले," त्या म्हणाल्या. "थुंकी लावल्याशिवाय सुटत नाहीत."

"मावशी, इतक्यात दवाखान्यात गेला होतात?"

अंगठा हवेतच थांबला. "कुणी सांगितलं?"

"कागदाने."

त्या स्टुलावर बसल्या. "गळ्यातल्या गाठीसाठी गोळी दिली, किरणांच्या आयोडीनची. पंधरा दिवस घरी बसा म्हणाले. मी बसले असते, तर माझ्या स्टुलावर दुसरी बसली असती. कंत्राटावर आहे ना मी. नवऱ्यालाही सांगितलं नाही, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. रोज ठरवते, आज इथे सांगून टाकू. रोज राहून जातं." मग हळूच म्हणाल्या, "ताई, माझं नाव नका घेऊ."

"नाही घेणार," मी म्हणाले.

साहेबांना मी दोन्ही आकडे दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले.

"म्हणजे कुणाचा तरी हात लागलाय. कुणाचा?"

मी कडेची पट्टी पाकिटात घातली.

"मॅडम, मला पटतंय हो. पण वरचे विचारणार. नाव नसेल तर म्हणतील, बाईंनी ऐन वेळी शेपूट घातलं, आणि तुमच्या सहीवाचून विमानं पाठवतील."

चारला सात मिनिटं होती. फोन वाजला. साहेबांनी रिसीव्हर उचलला, त्यावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

दारात मावशी उभ्या होत्या. हातात कागदांचा डबा होता, तो त्यांनी जमिनीवर ठेवला.

"माझं नाव सांगा, साहेब," त्या म्हणाल्या. "ती थुंकी माझी आहे."