काळुरामकाकांनी उठायचं नाही

मी खुर्ची बोलतेय. लगेच सावरून बसू नका. जिच्यासाठी माणसं पक्ष बदलतात ती मी नव्हे. मी प्लास्टिकची, निळी, दोन हात असलेली, हळदीला आणि वार्षिक सभेला मांडतात तसली. तरीही ठाण्यात, कोपरीत माझा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणतात. कारण खाडीकिनारा क्रीडा मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघाचा मोमेंटम, म्हणजे जिंकत राहायची लय, म्हणे माझ्यात राहतो. तो माझ्यात शिरला कधी, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म वागळे इस्टेटमधला. फुटक्या बादल्या आणि जुने डबे वितळवून साच्यात ओतले आणि मी झाले. मंडळाने घाऊक खुर्च्या घेतल्या त्यात मीही आले. पहिली काही वर्षं सुखाची गेली. रक्तदान शिबिर, साखरपुडे, सत्यनारायण. माझ्यावर रुमाल टाकून जागा धरायची आणि मग जेवायला निघून जायचं, ही माणसांची रीत मी तेव्हाच पाहिली.

मग घरच्या मैदानावर डोंबिवलीच्या संघाशी तो सामना आला. आपल्या मुलींवर लोण चढला होता, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या बाद झाल्या होत्या. मंडळी चप्पल शोधायला लागली होती. इतक्यात काळुरामकाका आले. हे दिशाचे आजोबा, आणि दिशा म्हणजे संघाची चढाई करणारी मुलगी. काकांच्या घरच्यांनी एके काळी मिठागरात पाय भाजून घेतले. आता त्या जमिनीवर इमारती आहेत, त्यामुळे काका कडक इस्त्रीच्या शर्टात असतात आणि सगळीकडे उशिरा येतात. कुणीतरी मला ओढून मैदानाच्या कोपऱ्यात ठेवलं आणि काका बसले. पुढच्याच चढाईत दिशा तिघींना बाद करून परत आली. मग सामना असा काही फिरला की आपण जिंकलो.

"काका बसले आणि मोमेंटम आपल्याकडे आला," प्रशिक्षक भगवान सर म्हणाले. ते एका शाळेत पीटी शिकवतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं शास्त्रीय धरलं जातं.

मी आधी राखीव मुलींच्या मागे पडून होते, म्हणून मला एक गोष्ट ठाऊक होती. मध्यंतरात पाणी पिताना दिशा कर्णधार सान्वीला म्हणाली होती, "त्यांची डाव्या कोपऱ्यातली घाई करते गं. मी पाय नुसता दाखवते, ती झेपावली की मागून हात लावून बाद करते." तिने तसंच केलं. पण पाय नुसता दाखवणं लोकांना दिसत नाही. म्हातारा माणूस खुर्चीत बसताना सगळ्यांना दिसतो.

पुढचा सामनाही जिंकलो आणि नियम झाला. माझ्या हाताला लाल फीत बांधली. कल्याण असो की भिवंडी, टेंपोत सगळ्यात आधी मी चढायची. काकांनी त्याच कोपऱ्यात बसायचं, पायावर पाय टाकायचा नाही आणि सामना संपेपर्यंत उठायचं नाही. काकांना साखरेचा त्रास, त्यामुळे मोमेंटम आणि लघवी यांचं भांडण दर सामन्यात माझ्यावरच चालायचं. आम्ही हरायचोही, अगदी नियमित. मग चौकशी व्हायची आणि निघायचं की काका हलले होते, किंवा कुणीतरी मागून जांभई दिली होती. जिंकलो की श्रेय माझं, हरलो की दोष काकांचा. इतकी सुखाची नोकरी कुणालाच मिळत नसेल.

स्टेशनजवळ मंडळाने अभिनंदनाचा मोठा फलक लावला. मधोमध काका, माझ्यावर बसलेले. खाली पासपोर्टच्या आकारात मुली, डावीकडून तिसरी दिशा. जिल्हा निवड समितीतल्या एका गृहस्थांनी तर तिलाच हसत विचारलं, "खुर्चीलाही जिल्हा संघात घ्यायचं का?" सगळे हसले. दिशा हसली नाही. तिला जिल्ह्याकडून खेळायचं होतं, आणि पॉइंट कोण आणतं हे लोकांना कळायला हवं होतं. त्याहून जास्त, ते घरच्या माणसाला कळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी तिने काकांना गाठलं. "आजोबा, चढाई मी करते. फोटो तुझा का?"

"पोरांनी लावला गो. नको असंल तं काढायला सांगतो."

"राहू दे. पण तुला तरी माहितीये ना, पॉइंट कोण आणतं?"

"तूच आणतंस. दुसरा कोन?" काका म्हणाले. आणि पुढच्या सामन्याला पंच येण्याच्या आधीच माझ्यावर येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी माझे हात इतके घट्ट धरले होते की मला त्यांची फार दया आली.

संघाबरोबर एक सुश्रुतही असतो. नौपाड्यातला, कंपनीत आकडेमोडीचं काम करणारा, आणि शनिवार-रविवार लॅपटॉप घेऊन आमच्याबरोबर येणारा. त्याने सगळ्या सामन्यांच्या सगळ्या चढाया तपासल्या. "सर, असं काही नसतं. सलग तीन चढायांत गुण आले म्हणून चौथ्या चढाईची शक्यता वाढत नाही. आपण फक्त जिंकलेलं लक्षात ठेवतो," त्याने समजावलं.

"अगदी बरोबर," भगवान सर म्हणाले. "आता तेवढा काकांच्या समोरून बाजूला हो."

सुश्रुत झाला बाजूला. त्याच सामन्यात शेवटी गुण बरोबरीत आले आणि काकांनी रुमाल काढायला जरा कूस बदलली, तेव्हा मागून हळूच आवाज आला, "काका, प्लीज, आत्ता नको." तो सुश्रुतचाच होता.

मला विचाराल तर मोमेंटम अगदीच नसतो असं मी म्हणणार नाही. लाल फितीची मी दिसले की समोरच्या संघातल्या मुली एकमेकींकडे बघायच्या आणि अर्धं पाऊल मागे राहायच्या. आपल्या मुली साखळीतले हात जास्त घट्ट धरायच्या. एवढ्यालाच मोमेंटम म्हणायचं असेल तर तो होता. पण तो त्या मुलींच्या छातीत होता, माझ्या पाठीत नव्हता.

कल्याणला अंतिम सामना झाला. निवड समिती समोरच बसली होती. उत्तरार्धात दिशा एकामागून एक गुण आणत होती आणि आपण पुढे गेलो होतो. मग एका चढाईत मध्यरेषेकडे परतताना तिचा उजवा पाय मुरगळला. ती पडली नाही, ओरडलीही नाही. पुढच्या चढाईला ती निघाली तेव्हा टाच टेकत नव्हती. बाकी सगळे गुणफलकाकडे बघत होते. काका तिच्या पायाकडे बघत होते.

"भगवान, पोरीचा पाय बग. टाइमआउट घे," त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली.

"काका, लय लागलीय. आता मोडायची नाही," भगवान सर मागे न बघता म्हणाले.

दिशा पुन्हा एक गुण घेऊन आली आणि ओठ दाबून उभी राहिली. काका माझ्या अगदी कडेवर सरकले. उठलं तर नातीचा सामना जाईल, तिची निवड जाईल, असं ते खरोखर मानत होते, हे मला शपथेवर सांगता येईल. आणि तरी ते उठले.

सगळं मैदान ओरडलं, "काका, बसा." काका मैदानाभोवतीच्या दोरीच्या कडेने चालत थेट भगवान सरांच्या समोर जाऊन उभे राहिले. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी रिकामी होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "उठलेच आहेत तर आता घ्या टाइमआउट," ते म्हणाले. मोमेंटम गेलाच होता, मग मुलीच्या पायाकडे बघायला हरकत नव्हती.

दिशाचा पाय सुजला होता. तिला बाहेर घेतलं आणि माझ्यावरच बसवलं. "मी खेळत होते ना. तू का उठलास?" ती काकांना म्हणाली आणि रडली. तिच्याविना संघ झुंजला, पण थोडक्यात हरला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आणखी एखादी चढाई केली असती तर लिगामेंट तुटलं असतं आणि खेळणं कायमचं थांबलं असतं.

डॉक्टरांचं म्हणणं मंडळाच्या सभेत कुणी विचारात घेतलं नाही. काका उठले म्हणून हरलो, यावर पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं. सुश्रुतने लॅपटॉप उघडला आणि कुणी बघत नाही म्हणून मिटला. काकांनी उभं राहून हात जोडले. "माजीच चूक जाली," ते म्हणाले.

तेव्हा दिशा भिंतीला धरून उठली. पायाला बँडेज होतं.

"आजोबा खाली बसेल आधी," ती म्हणाली. "पाय माझा मुरगळला. मी सांगितलं नाही, लपवलं. हरले ती मी. जिंकलो तेव्हा तुम्ही पॉइंट मला दिले नाहीत. निदान हार तरी माझी असू दे."

भगवान सरांनी काकांना खाली बसायची खूण केली. मग म्हणाले, "बरं." आणि थोड्या वेळाने, सवयीने, "पण काका, त्या दिवशी उठायला नको होतं."

आता नवा हंगाम सुरू झालाय. दिशा परत खेळतेय. जिल्ह्याची निवड व्हायची आहे. होईल किंवा नाही, त्यात माझा हात नसेल. मंडळ मला अजून टेंपोत घालून नेतं आणि त्याच कोपऱ्यात ठेवतं. पण काळुरामकाका माझ्यावर बसत नाहीत. ते दोरीपाशी उभे असतात, पहिल्या चढाईपासून शेवटच्या चढाईपर्यंत, गुडघे दुखत असले तरी. गुणफलक त्यांना दिसतही नाही. ते नातीच्या पायांकडे बघत असतात.

मी रिकामी असते. खुर्चीच्या जातीला हे कमीपणाचं, पण मला बरं वाटतं. तुमचंही कुणी मैदानात असेल तर एक सांगते. माझ्यावर खुशाल बसा, पाय दुखतात म्हणून बसा, चहा प्यायला बसा. पण उठायची वेळ आली, की उठा.