सोळा टीबीच्या पुढे

दोन वर्षं मी अविराज सरांची जिरवायची वाट पाहत होते.

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात ते संगणक विभागाचे प्रमुख, आणि मी, मेहरीन, त्यांच्या हाताखाली. त्या वर्षी मोळीपूजनाच्या मुहूर्तावर नवा सर्व्हर सुरू करायचा होता. वजनकाट्यावरच्या कॅमेऱ्यांचं सगळं रेकॉर्डिंग त्यात साठणार होतं. मुहूर्त गाठायचा म्हणून सरांनी सकाळीच जुन्या सर्व्हरच्या सेटिंगवर डिस्क फॉर्मॅट करून टाकल्या. मी पोचले तेव्हा अध्यक्ष आप्पासाहेबांनी सर्व्हरपुढे नारळ फोडलाही होता.

सेटिंग पाहून मी सरांना बाजूला घेतलं. "सर, ही फाइल सिस्टीम सोळा टीबीच्या पुढे वाढणार नाही. आत्ता रिकामी आहे, पुन्हा फॉर्मॅट करू. पाच मिनिटांचं काम."

"नारळ फुटलाय. आता पुसायचं म्हंजी अपशकुन. गप बस."

मी बसले. वर्षभरानं आधीच्या बारा टीबीला आणखी बारा जोडले, तर साठवण सोळावर अडून बसली. सरांनी बेधडक माझं नाव पुढं केलं. माझं म्हणणं कुणी ऐकायच्या आतच 'निष्काळजीपणामुळे कामावरून कमी' असं पत्र नोटीस बोर्डावर लागलं. मी बारामतीत युनूस चाचांच्या कॅमेऱ्याच्या दुकानात कामाला लागले.

यंदा भर हंगामात ते सोळा टीबी भरले आणि रेकॉर्डिंग बंद पडलं. कॅमेऱ्याशिवाय वजनात मारतील म्हणून शेतकऱ्यांनी उसाच्या गाड्या काट्याबाहेरच उभ्या केल्या. सरांना काही जमेना, तेव्हा आप्पासाहेबांचा मला फोन आला.

गेल्या गेल्या मी स्क्रीनवर फाइल सिस्टीम बनवल्याची वेळ काढली. सकाळी नऊ बारा. शेजारी त्या दिवशीची माझी हजेरी ठेवली. अकरा पाच.

आप्पासाहेबांनी दोन्ही वाचलं. "अविराज, मग ह्ये तुमी केलंया?"

मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"दुरुस्त हुतंय का पोरी?"

"होतं. नक्कल काढून, सर्व्हर बंद ठेवून ती फाइल सिस्टीम बदलून घेता येते. तोवर कॅमेरे मी आणलेल्या डिस्कवर चालतील. पण आधी सरांनी खरं काय ते स्वतःच्या हातानं लिहून बोर्डावर लावायचं."

आप्पासाहेबांनी सरांपुढे कागद सरकवला. सरांनी लिहिलं. बोर्डापाशी आल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरला.

"मेहरीन, माझी छकुली रोज हितनं शाळंला जाती. तिला वाचाय येतंय आता. एवढं नगं करू."

क्षणभर मला वाईट वाटलं. मग अब्बा आठवले. ते याच बोर्डापुढे उभे राहून माझं पत्र वाचून आले होते आणि दोन दिवस जेवले नव्हते.

मी टाचण्या सरांच्या हातात दिल्या.

"जरा खाली लावा सर," मी म्हणाले. "तिच्या उंचीला."