रक्त बिजलीचं, बोट माझ्याकडं

मी मोती नावाची घोडी बोलतेय. फार वेळ नाही. डॉक्टर हातमोजे चढवताहेत.

भिकननं मला येवल्याच्या घोडेबाजारातून आणलं तेव्हा मी दोन वर्षांची होते. आधी देवळाली कॅम्पात टांगा ओढला. टांगे बंद पडले, मग पाठीवर नवरदेव बसू लागले. माणसं घोडीवर चढताना तिला गोंजारतात, उतरल्यावर वळूनही बघत नाहीत. एका वरातीत पायाशी फटाक्यांची माळ फुटली, मी घसरले. तेव्हापासून मागचा पाय ओढते. मग भिकननं बिजली आणली. माझ्यासारखीच पांढरीशुभ्र, पण सहा वर्षांची, डीजेसमोर नाचणारी.

दिवाळीनंतर बिजलीच्या नाकातून चिकट शेंबूड यायला लागला. सरकारी डॉक्टर दोघींचं रक्त घेऊन गेले. बिजलीच्या रक्तात ग्लँडर्सची प्रतिपिंडं सापडली. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. माझं रक्त साफ निघालं. प्रतिपिंडं म्हणजे अंग रोगाशी झुंजतंय याची खूण. पण हा रोग माणसांनाही लागतो, म्हणून ती खूण दिसली की कायद्यानं जनावराला मारतात.

आज सकाळी दुसरेच डॉक्टर आले. आधीच्यांची बदली झाली होती. त्यांनी कागद उघडला.

"बिजली कुठली?"

भिकननं माझ्याकडं बोट केलं. "हीच ती, सायेब."

त्याची बायको सुमनबाई दारातून पुढं झाली. "आवो, ही तर…"

"तू गप!"

डॉक्टरांनी माझा ओठ वर केला. "इथं सहा वर्षं लिहिलंय. हिचे दात तर म्हातारीचे दिसतात."

"लय राबलीये, सायेब. झिजले."

डॉक्टरांना अजून दोन गावं करायची होती. त्यांनी सही केली. "दुसरीला महिनाभर तबेल्याबाहेर काढू नका," म्हणाले. भिकननं मान डोलावली.

दावं सोडताना तो माझ्या कानाशी पुटपुटला, "मोते, माफ कर. उद्या बिजलीच्या दोन वराती हायेत. तू तशीबी किती दिवस काढणार व्हतीस?"

जेसीबीनं खणलेल्या खड्ड्याशी मला उभं केलं. सुमनबाई गुळाचा खडा घेऊन आली.

"बाई, लांब व्हा! माणसाला लागतो हा रोग!" डॉक्टर ओरडले.

माझ्यात काही नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं हात मागं घेतला.

डॉक्टर, एकदा माझं रक्त काढून बघा. एवढंच मागते.

सुई मानेत शिरलीय. तबेल्याच्या दारात भिकन गळ्यातल्या टॉवेलनं बिजलीचं नाक पुसतोय. माझे गुडघे वाकले तसं त्याला रडू फुटलं. त्याच टॉवेलनं त्यानं आपले डोळे पुसले.